पत्र्याखालची गाडी

विरुपाक्ष कलशेट्टी निवृत्त झाले त्या दिवशी अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातल्या लोकांनी त्यांना शाल, नारळ आणि कारखान्यातलाच एक टॉवेल दिला. घरी येऊन त्यांनी शाल कपाटात ठेवली, नारळ गाडीच्या बंपरवर फोडला आणि टॉवेल खांद्यावर टाकून बॉनेट उघडलं. त्यानंतर ते बॉनेट धड असं कधी बंद झालंच नाही. त्यांच्या बायकोला, शरणम्माला, तेव्हा बरंच वाटलं होतं. रिकामा माणूस कशात तरी गुंतला, एवढंच तिला दिसलं. पुढं आपल्यापुढं काय वाढून ठेवलंय याची तिला कल्पना नव्हती.

गाडी म्हणजे एक जुनीपुराणी पिकअप. पुढं दोघातिघांची केबिन, मागं उघडा लाकडी हौदा. विरुपाक्षांच्या वडलांनी ती कुठल्याशा लिलावात घेतली होती आणि मागावरच्या चादरी तिच्यातून बाजारात पोचवत घर वर आणलं होतं. वडील गेले आणि गाडी घराच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये जी उभी राहिली ती राहिलीच. मूळची ती कुठल्या कंपनीची, हे आता खुद्द कंपनीलाही सांगता आलं नसतं. आरसे रिक्षाचे होते, सीट मोडीत निघालेल्या एसटीचं होतं, आणि पुढचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा मोठा असल्यामुळं गाडी कायम डोळा वटारून बघत असल्याचा भास व्हायचा. विरुपाक्षांना विचारलं तर ते म्हणत, "ओरिजनल हाय. बापाच्या हातची." तिचा विमा ते न चुकता भरत. जागची हलत नसलेली गाडी कुणाला जाऊन धडकणार होती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मेकॅनिकला मात्र ते गाडीच्या जवळ फिरकू देत नसत. बापाच्या गाडीला परका हात लागायचा नाही, असा त्यांचा नियम. ते स्वतः कारखान्यात टाइमकीपर होते. कामगार आत किती वाजता आला आणि बाहेर किती वाजता गेला, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. पण यंत्रांच्या गोंगाटात इतकी वर्षं बसल्यावर यंत्र आपोआप कळायला लागतं, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळं घरातली चाळणी नटबोल्ट धुवायला गेली, दुधाचं पातेलं रॉकेलचं झालं आणि उलथन्यानं इंजिनावरची काजळी खरवडली गेली. शरणम्मा नवी चाळणी आणायची आणि ती लपवून ठेवायची. मग ती सापडायची आणि तीही जायची.

शरणम्माचं स्वतःचं एक काम होतं, आणि ते गाडीसारखं थांबलेलं नव्हतं. ती कडक भाकरी करायची. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग आचेच्या कडेला उभी करून अशी वाळवायची की महिनाभर तिला काही होत नाही. सोबत शेंगाचटणी. शेजारची निंगव्वा तिच्या हाताखाली होती. मागणी वाढत चालली होती, जागा मात्र तेवढीच. भाकरीच्या चळती पलंगाखाली असत, कपाटात असत, टीव्हीच्या मागं असत. पाहुणा आला की बसायच्या आधी त्याला खाली बघावं लागे. आणि बाहेर तो ऐसपैस, हवेशीर पत्रा, जिथं तीन चुली ओळीनं मांडता आल्या असत्या, तिथं सासऱ्यांची गाडी डोळा वटारून उभी. शरणम्माला ती गाडी सवतीइतकी खुपायची.

मग एका येळवसेला एक गोष्ट घडली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सोलापुरातली निम्मी घरं कुलूप लावून शेतावर जातात, भज्जी, उंडे, अंबिल घेऊन. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग रानात पंगती बसतात. ज्याला शेत नाही तो ज्याला आहे त्याच्याकडं जातो. कलशेट्टींची येळवस अक्कलकोटच्या बाजूला, शरणम्माच्या भावाच्या, गुरुच्या शेतात असायची. विरुपाक्षांचा धाकटा भाऊ प्रभु स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीतून सगळ्यांना न्यायचा. त्या दिवशी अंबिल पिता पिता प्रभु म्हणाला, "अण्णा, ती पत्र्याखालची गाडी भंगारात घाला की आता. उंदरं तरी दुसरीकडं जातील."

सगळे हसले. शरणम्मा सगळ्यांत मोठ्यानं हसली, हे कबूल केलं पाहिजे. विरुपाक्ष मात्र उठून उभे राहिले. कोपीकडं हात करून म्हणाले, "सिद्धरामेश्वराची आन हाय. पुढच्या येळवसेला मी त्याच गाडीतनं येणार. न्हाय आलो, तर त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलवून तिला घालवणार."

देवाची आन म्हटल्यावर ती मोडणाऱ्यातले विरुपाक्ष नव्हते. शरणम्माला हे पक्कं माहीत होतं. त्या दिवशी तिनं मनातल्या मनात पत्र्याखाली तीन चुली मांडल्या आणि घरी येताच मोठा तवा बघून ठेवला.

वर्ष सरत गेलं आणि गाडी काही सुरू होईना. विरुपाक्षांनी बॅटरी नवी घातली, कॉइल बदलली, वायरी बदलल्या, प्लग बदलले. हँडल मारून मारून त्यांचा उजवा दंड पैलवानासारखा झाला आणि डावा तसाच राहिला. "सगळं बरोबर हाय," ते म्हणत, "फक्त करंट येत न्हाय." जणू लग्नाची सगळी तयारी झालीय, फक्त नवरा तेवढा आलेला नाही.

येळवसेच्या आदल्या दिवशी शरणम्मा चहा घेऊन शेडमध्ये गेली. विरुपाक्षांनी डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण काढलं होतं. आत एकमेकांवर टेकणारे दोन चिमुकले धातूचे तुकडे होते. त्यांना पॉइंट म्हणतात, तिथूनच प्लगला ठिणगी जाते, हे विरुपाक्षांनी तिला यापूर्वी न विचारता पुष्कळदा सांगितलं होतं. ते पॉइंट त्यांनी पॉलिश पेपरनं घासले, पुसले, चकचकीत केले. मग शेजारच्या वाटीतल्या ओल्या विभूतीत बोट बुडवलं, दोन्ही तुकड्यांना आतून नीट विभूती लावली, हात जोडले आणि टोपण बसवलं.

"हे काय करायलाय तुमी?" शरणम्मानं विचारलं.

"पार्ट बसवताना विभूती लावल्याशिवाय मी बसवत न्हाय. पैल्यापासनं. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

तिला ते माहीत होतं. घरात जे जे येतं त्याला तीन पट्टे ओढले जातात, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. फ्रिजला ओढले होते, गॅसच्या टाकीला ओढले होते. पण चहाचा रिकामा कप हातात घेऊन परत येताना तिला एकाएकी दसऱ्याची गोष्ट आठवली आणि ती दारातच थबकली. दसऱ्याला विरुपाक्षांनी टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून त्यांना विभूती लावली होती. रिमोट बंद. नवे सेल आणले, त्यांनाही विभूती लावली, तरी बंद. शेवटी तिनं ते सेल पदराला पुसून घातले आणि मालिका सुरू झाली.

राखेतून वीज जात नाही. एवढीच गोष्ट होती. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी पॉइंट घासून साफ करत होता आणि रोज भक्तिभावानं बुजवत होता.

शरणम्माला आधी हसू फुटलं. तोंडात पदर कोंबून ती न्हाणीघरात जाऊन हसली. मग हसू ओसरल्यावर तिला दिसलं की हे आपल्याशिवाय कुणालाच कळलेलं नाही. आपण गप्प बसलो तर उद्या गाडी सुरू होत नाही, आन खरी होते, भंगारवाला येतो आणि पत्रा आपला. बोलायचं काहीच नाही, फक्त गप्प बसायचं. इतकं सोपं काम तिच्या वाट्याला लग्न झाल्यापासून आलं नव्हतं.

पण उंड्यांचं पीठ मळता मळता तिच्या डोक्यात दुसरंच यायला लागलं. गाडी गेली तर हा माणूस जाणार कुठं?

याचा नमुना तिनं पावसाळ्यात बघितला होता. विरुपाक्षांचा पाय मुरगळला होता आणि डॉक्टरांनी गाडीखाली शिरायला बंदी घातली होती. तेव्हा त्यांनी चुलीजवळ खुर्ची मांडली. हातात घड्याळ घेऊन ते प्रत्येक भाकरीची वेळ बघायला लागले. "निंगव्वा, ह्या भाकरीला मगाचच्यापेक्षा जास्त टाइम घेतलास." "निंगव्वा, कड जाड राहिली." "निंगव्वा, पाणी प्यायला कितींदा जातीस?" शेवटी निंगव्वानं हातातलं पीठ झटकलं आणि सरळ सांगितलं, "यव्वा, ह्यांना एक तर गाडीखाली घाला, न्हायतर मी उद्यापासनं येत न्हाय." पाय बरा झाला तेव्हा देवाला नारळ शरणम्मानं फोडला होता, विरुपाक्षांनी नव्हे.

तेव्हा गाडी गेली तर जागा मिळणार, पण त्या जागेत खुर्ची टाकून टाइमकीपर बसणार. आणि त्याला सुट्टी नसणार. शरणम्मानं बराच विचार केला. नवऱ्यावरचं प्रेम वगैरे त्यात फारसं नव्हतं, उगीच तसं सांगण्यात अर्थ नाही. सकाळी विरुपाक्ष पूजेला बसले तेव्हा ती शेडमध्ये गेली, टोपणाच्या दोन्ही चिमट्या सोडवल्या, पदराच्या टोकानं पॉइंट आतून लख्ख पुसले आणि टोपण होतं तसं बसवलं.

प्रभु त्याच्या चकचकीत गाडीतून आला तोच फोनवर भंगारवाल्याचा नंबर काढून. गल्लीतले लोक शेतावर जायचे थांबले होते. विरुपाक्षांनी नवं धोतर नेसलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते दिसल्यावर शरणम्माचं काळीज हललं खरं. त्यांनी एकदा आभाळाकडं बघितलं आणि हँडल मारलं. गाडी खोकली. पुन्हा मारलं. गाडीनं धुराचा एक काळाकुट्ट लोट सोडला, पत्र्यावरचे पारवे उडाले आणि इंजिन धडधडायला लागलं.

विरुपाक्ष लहान पोरासारखे रडले. प्रभुनं फोन खिशात घातला.

त्या गाडीतून जाताना शरणम्मा केबिनमध्ये बसली होती आणि मागं हौद्यात निंगव्वा, अंबिलाचं मडकं आणि गल्लीतल्या हौशी बायका. गाडी बैलगाडीला मागं टाकायची, सायकलीला नाही. प्रभुला आपली नवी गाडी तिच्या मागून रांगवत आणावी लागली, आणि तो सगळा रस्ता विरुपाक्षांनी डोळे भरून रिक्षाच्या आरशात बघितला. शरणम्मा बाहेर बघत होती. उभ्या ज्वारीवरून वारा येत होता आणि तिला फार छान वाटत होतं. पत्रा गेला तर गेला, असंही एकदा वाटून गेलं.

हे असंच राहिलं असतं, पण येळवसेचं जेवण झालं आणि गुरुनं विचारलं, "दाजी, दोष काय निघाला शेवटी?"

विरुपाक्ष टेकून बसले. त्यांनी सुरुवात केली ती वडलांच्या लिलावापासून. कॉइल आली, कंडेन्सर आला, मग इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखायची त्यांची खास हातोटी आली. शेवटी ते म्हणाले, "आनि देवाची विभूती. ती न्हाय लावली तर गाडी हालत न्हाय. गुरु, तुझ्या ट्रॅक्टरला बी लाव." असं म्हणून ते उठले. येताना गाडीनं साथ दिली म्हणून तिची पूजा करायची होती. कनवटीची विभूतीची वडी काढून त्यांनी ती ओली केली, बॉनेट उघडलं आणि टोपणाच्या चिमट्या सोडवल्या.

शरणम्मा हातातलं ताट टाकून धावली. हळूच म्हणाली, "अहो, तितं नको. वरनं लावा. आत नको."

"गप गं," विरुपाक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईमानसाला काय कळतंय ह्यातलं?"

आता चूक कुणाची म्हणायची? शरणम्मानं सकाळपासून तोंड मिटलं होतं. दुपारभर कंडेन्सर ऐकला होता. गाडी तिच्या पदरानं सुरू झाली होती आणि त्या पदरावरचा काळा डाग ती सकाळपासून लपवत होती. तिनं तो डाग उघडा करून सगळ्यांपुढं धरला.

"हे बघा. विभूतीनं सुरू झाली न्हाय. विभूतीनं बंद होती. रोज तुमी लावायचा म्हनून बंद होती. आज सकाळी मी पुसली म्हनून हितं आलाव."

कुणाचाच विश्वास बसेना. मग प्रभु पुढं झाला. विभूती लावून हँडल मारलं, गाडी गप्प. पदरानं पुसून मारलं, गाडी सुरू. प्रभु जो हसायला लागला तो बांधावर जाऊन बसला. निंगव्वा हसली, गुरु हसला, हौशी बायका हौद्याला धरून हसल्या. शेजारच्या रानातले लोक काय झालं म्हणून बघायला आले, त्यांनाही सांगण्यात आलं आणि तेही हसले. फक्त शरणम्माला हसू येईना. विरुपाक्षांनी ओलं बोट धोतराला पुसलं आणि ते ज्वारीच्या कडेनं लांब जाऊन एकटेच उभे राहिले.

परत येताना ते आरशात न बघता सरळ समोर बघत गाडी हाकत राहिले. गाडी झकास चालली. घरापाशी आल्यावर त्यांनी ती पत्र्याखाली घेतली नाही, रस्त्याच्या कडेला लावली. मग शेडमधले सगळे डबे, पाने, जुने टायर बाहेर काढले, झाडून घेतलं आणि म्हणाले, "घे तुझा पत्रा. चालती गाडी कुटं बी उभी राहती."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते हातात आलं होतं आणि शरणम्माला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. नवऱ्याचा असा पडलेला चेहरा तिनं सासरे गेले तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आज. आपण चारचौघांत बोलायला नको होतं, हे तिला कळत होतं. आणि ते तसं म्हणाले नसते तर आपण बोललो नसतो, हेही कळत होतं. ती रात्री दोन्हीकडून जळत राहिली.

तीन चुली मांडल्या. मोठा तवा आला. आणि पहिल्याच सकाळी विरुपाक्ष खुर्ची घेऊन पत्र्याखाली आले. गाडीकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. ते घड्याळ काढून बसले.

"निंगव्वा," ते म्हणाले, "भाकरीची कड जाड राहतीय."

त्यात पूर्वीचा जोरही नव्हता. कारखान्यात बाकी काही नसलं की हजेरी घेतात, तसे ते नुसते बोलत होते. आवाज ऐकून शरणम्माला त्यांचा राग येईना, दयाच येई, आणि दया आली की भाकरी करपे. निंगव्वानं दोन दिवस कड सोसली आणि तिसऱ्या दिवशी शरणम्माकडं असं बघितलं की शब्दांची गरज उरली नाही.

करमाळ्याच्या बाजारात एक दुकानदार होता. कमलाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी त्याला कडक भाकरी हवी होती आणि तो पुष्कळ दिवसांपासून फोन करायचा. इतक्या लांब कोण पोचवणार म्हणून शरणम्मा दर वेळी नाही म्हणायची. आता तिनं आपणहून फोन लावला. करमाळा लांब आहे, हाच तर त्याचा गुण होता.

"अहो," ती विरुपाक्षांना म्हणाली, "माल पोचवायचाय. टेम्पोवाले भाकरीचा चुरा करत्यात. तुमच्याशिवाय कुनावर इस्वास न्हाय माझा."

विरुपाक्षांनी हातातलं घड्याळ खिशात घातलं. मग उठले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायानं दाबून बघितलं. हौद्यात त्यांनी जुन्या चादरी अंथरल्या, चळतींच्या मधे चादरी कोंबल्या, वरून चादरी बांधल्या. सकाळी पूजा करून आले, बॉनेटवर तीन पट्टे ओढले आणि हात तिथंच थांबवला. शरणम्मा दारातून बघत होती.

तो दिवस फार शांत गेला. भाकऱ्या भराभर झाल्या आणि कडा पातळ झाल्या. दिवस कलायला लागला तसा मात्र शरणम्माचा हात मंदावत गेला. ती दर वेळी रस्त्याकडं बघून यायची. शेवटी फोन वाजला.

"अगं, भाकरी पोचल्या. एक बी तुटली न्हाय," विरुपाक्ष ओरडत होते. मागं माणसांचा गलका होता. "पर येताना जेऊरच्या अलीकडं गाडी बंद पडली."

"अय्यो! पुसून बघितला व्हय पॉइंट?"

"बघितला की! तितं काय न्हाय. करंट लई झकास हाय. हे दुसरंच कायतरी हाय!" त्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आज काय मी येत न्हाय. एकाच्या वस्तीवर झोपायची सोय झालीय. लई मानसं जमल्यात गाडी बघायला. एकेकाला सगळं सांगायलाव."

"जेवलाय का?"

"आता न्हाय, हात काळे हायत," ते म्हणाले आणि हसले. येळवसेनंतर पहिल्यांदाच हसले. फोन बंद झाला.

शरणम्मानं पदरानं डोळे पुसले. चुलीचा धूर होता असं ती म्हणाली असती, पण चुली मघाच विझल्या होत्या आणि निंगव्वा समोरच बसली होती.

"काय झालं गं?" निंगव्वानं विचारलं.

"गाडी बंद पडली. आज घरी येत न्हायती."

"मग गं आता?"

"मग काय," शरणम्मा परातीत उद्याचं पीठ ओढत म्हणाली, "फुडच्या खेपेला करमाळ्याला दुप्पट माल पाठवायचा."